छताकडे पाहणारा आरसा

१

"आत्या, आमची गाडी पळवली कुणीतरी."

सोमवारी सकाळी भाच्याचा फोन आला तेव्हा मी खिडकीच्या जाळ्या धूत होते. हात पुसले आणि म्हटलं, "कुठली गाडी? तुझ्या बापाची नवी गाडी अजून कारखान्यात पत्रा होऊन पडली असेल."

"तीच," तो म्हणाला.

न बनलेली गाडी चोरीला जाते हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. तसं मी पुष्कळ ऐकलंय. तीस वर्षं शहरबसमध्ये तिकिटं तपासली. तिकीट वाऱ्याने उडालं, बाळाने खाल्लं, आत्ता तर हातात होतं. खोटं बोलणारा माणूस आधी कुठे बघतो आणि मग कुठे बघतो, हे मला पाठ आहे. म्हणून घरात चमचा हरवला तरी हा भाचा मलाच फोन करतो. जाळ्या तशाच ठेवल्या आणि शोरूम गाठली.

शोरूम म्हणजे काचेचा डबा. आत एवढी थंडी की दूध बाहेर ठेवलं तरी नासू नये. मधोमध चार गाड्या चकाकत उभ्या, आणि त्यांच्यापुढे माणसं उगाचच हळू आवाजात बोलणारी. मला या जागांचा राग येतो. ज्याच्या पैशावर हा सगळा झगमगाट चालतो, तोच इथे शिरताना बूट पुसतो.

भाच्याने प्रकरण सांगितलं. माझ्या दादाने पस्तीस वर्षं बस चालवली, तीही फळीसारख्या सीटवर बसून. आता त्याची मान वळत नाही, कंबर धरते, आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ बंदी केली आहे. घरातली जुनी छोटी गाडी खड्ड्यात गेली की तो ओठ दाबून घेतो. म्हणून नवी, ऐसपैस, मऊ सिडॅन घ्यायचं ठरलं. पैसे दादा-वहिनीचे आणि सही भाच्याची. आपल्याकडे माणूस म्हातारा झाला की त्याची सही आधी जाते, दात नंतर.

शनिवारी पाच जण इथे आले होते: दादा, वहिनी, भाचा, त्याची बायको आणि भाचीचा नवरा. ऑर्डर ठरली. रंग पांढरा आणि मागच्या सीटचं आराम पॅकेज, म्हणजे मागे कलणारी पाठ, पाय टेकायला पाटी, खिडक्यांना पडदे. आई-बाबा मागे राजा-राणीसारखे बसतील, असं भाचा म्हणाला होता. आणि आज सकाळी शोरूममधून फोन आला की तुम्ही सांगितलेले बदल नोंदवले, धन्यवाद.

कसले बदल? रंग गडद हिरवा. मागचं पॅकेज रद्द. त्याऐवजी समोरच्या दोन्ही सीटांचं पॅकेज, म्हणजे कमरेला आधार आणि उंची कमीजास्त करायची सोय.

भाचा म्हणाला, "आम्ही काहीच सांगितलं नाही."

ज्या सेल्सवालीने ऑर्डर घेतली होती ती टेबलाच्या कडेला उभी होती. चाळिशीची, ठेंगणी, केस घट्ट बांधलेली. बारा वर्षं घर सांभाळून पुन्हा नोकरीला लागलेली. तीन महिन्यांची प्रोबेशन आज संपत होती. तिच्या कायम होण्याचा कागद मॅनेजरच्या टेबलावर, पेपरवेटखाली होता.

मॅनेजर टाय सरळ करत म्हणाला की बदलाच्या स्लिपवर सहीच नाही. समोरच्या सीटांची पॅकेजं विकायचं महिन्याचं टार्गेट असतं, आणि बाईंचं नेमकं एक कमी पडत होतं. पाच वाजता कारखान्याकडे ऑर्डर बंद होते, मग त्यात काही फिरवता येत नाही. तोवर स्लिप कुणी भरली ते कळलं नाही, तर हा कागद तो फाडणार.

सेल्सवाली रडली नाही. तिने फक्त टेबलाची कड धरली. तीस वर्षांत मी हजारो हात पाहिलेत. चोराचे हात खिशाकडे जातात. ही बाई पडू नये म्हणून काहीतरी धरत होती.

मी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून गेले होते.

२

स्लिप बघितली. नुसते छापील चौकोन, त्यांत बरोबरच्या खुणा. अक्षर एकही नाही. वर ऑर्डरचा नंबर मात्र अचूक.

"नंबर कुणाकुणाकडे होता?" मी विचारलं.

भाच्याने मान खाली घातली. शनिवारी त्याने फॉर्मचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता. म्हणजे सगळ्या घरादाराकडे.

स्लिप सापडली ती डेमो गाडीच्या किल्लीच्या पाकिटात. इथली पद्धत अशी, की ज्याची ऑर्डर झाली आहे त्याला रविवारी पुन्हा एकदा गाडी चालवून बघता येते. बाहेरच्या पेटीवर ऑर्डर नंबराचे शेवटचे चार आकडे दाबायचे, किल्ली काढायची, अर्धा तास फिरायचं, आणि किल्ली पाकिटात घालून परत टाकायची. काही बदल हवा असेल तर त्याच पाकिटात स्लिप. रविवारी जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी असं केलं होतं. गाडी कुणी नेली ते कुणी पाहिलं नाही. वर कॅमेरा होता, पण तो शोभेचा. त्याची वायर भिंतीपर्यंत येऊन तिथेच लोंबत होती.

"सही नाही हे दिसल्यावर तुम्ही फोन का नाही केलात?" मी सेल्सवालीला विचारलं.

तिने मॅनेजरकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात सांगितलं की रविवारी ग्राहकाला फोन करायचा नाही, असा नियम आहे. नंबर जुळत होता म्हणून तिने नोंद केली आणि सोमवारी उघडल्या उघडल्या फोन लावला.

"नियम कुणाचा?"

मॅनेजर पुन्हा टाय सरळ करू लागला.

मग गाडी दाखवा म्हटलं. कालपासून तिला कुणी हात लावला नव्हता, गाड्या धुणारा सोमवारी दुपारी येतो. दार उघडलं तर ड्रायव्हरची सीट पार मागे गेलेली, शेवटच्या खाचेपर्यंत.

भाचा लगेच म्हणाला, "बघ आत्या. टॉवर."

टॉवर म्हणजे त्याच्या बहिणीचा नवरा. सहा फूट तीन इंच. आमच्या घरात पंख्याखालून जाताना त्याला सगळे ओरडून सावध करतात. शनिवारी सीटवरून दोघांची थोडी वाजली होती. भाच्याच्या मते याला सासऱ्याची गाडी उसनी न्यायची सवय आहे, म्हणून त्याने पुढची सीट आपल्या सोयीची करून घेतली.

मला आरसा खटकला. आतला, मधला आरसा. तो सरळ वर, छताकडे वळवलेला. त्यात मागचा रस्ता नव्हे, छताचं राखाडी कापड दिसत होतं.

मॅनेजर म्हणाला, कुणाचा तरी हात लागला असेल. हात लागून आरसा वाकडा होतो, असा नेमका आकाशाकडे बघत नाही. मी हे कुठेतरी पाहिलं होतं. कुठे, ते आठवेना, आणि आठवलं नाही की मला स्वतःचाच राग येतो.

शेवटी मी सीटवर बसले. पाय पेडलच्या कितीतरी अलीकडे राहिले, ते ठीकच. पण माझा अंबाडा छताला टेकला.

मी काही उंच बाई नाही. हात खाली घालून बाजूचा दांडा चाचपला. सीट मागे तर होतीच, पण वरही होती. जितकी वर जाईल तितकी वर.

टॉवर या सीटवर बसला असता तर त्याला मान गुडघ्यात घालून गाडी चालवावी लागली असती.

३

टॉवरला बोलावून घेतलं. तो आला, दारात सवयीने वाकला, आणि भाच्याकडे न बघता माझ्यासमोर बसला. काल दुपारी झोपलो होतो म्हणाला, घोरल्याची साक्ष बायको देईल. मी म्हटलं साक्ष राहू दे, शनिवारी तुला काय हवं होतं ते सांग. त्याला मोठं इंजिन हवं होतं. त्यावरूनच वाद झाला होता. सीटचा विषय त्याने काढला तो फक्त मागे गुडघे मावत नाहीत म्हणून.

स्लिपवर इंजिनाचा चौकोन होता आणि तो कोरा होता. ज्याला इंजिन हवंय तो चोरून रंग बदलेल आणि इंजिनाला हात लावणार नाही, एवढा खुळा टॉवर नाही. मी त्याला सोडला. भाच्याला मी म्हटलं, आता तोंडाने सॉरी म्हण नाहीतर निदान चहा पाज. त्याने चहा पाजला.

भाच्याची बायको तिच्या ऑफिसातून फोनवर बोलली. मागच्या खिडक्यांचे पडदे तिनेच मागितले होते, मुलगी गाडीत झोपते म्हणून. ते ती कशाला रद्द करेल? शिवाय तिला गाडी चालवता येत नाही. "शिकायचंय हो आत्या," ती म्हणाली, "पण यांना म्हटलं की म्हणतात, कशाला, मी आहे ना."

आता हिरव्या रंगाकडे वळले.

"शनिवारी हिरवा कोण म्हणालं होतं?" मी टॉवरला विचारलं.

"कुणीतरी म्हणालं होतं खरं. त्यावर हा म्हणाला, शेवाळात बसायचंय का? सगळे हसले."

"कुणाला म्हणाला?"

टॉवर विचारात पडला. मग म्हणाला, ते नाही आठवत.

भाच्याला स्वतःचा विनोद शब्दन् शब्द आठवत होता. कुणाला मारला ते नव्हतं आठवत. "असंच काहीतरी चाललं होतं गं," म्हणाला. त्याच्या बायकोलाही हसू आठवत होतं, माणूस नाही. सेल्सवाली तेव्हा रंगांची पट्टी आणायला गेली होती. तिच्या कानावर फक्त हशा पडला.

हे मला सीटपेक्षा विचित्र वाटलं. पाच माणसांतलं एक बोलतं, बाकीचे त्यावर हसतात, आणि दोन दिवसांत बोलणारा पुसून जातो.

मी हे मनात घोळवत होते, तेवढ्यात मॅनेजर आला. मघाशी गाडीत सीटच्या उंचीबद्दल मी मोठ्या तोऱ्यात बोलले होते, ते त्याने चांगलं ध्यानात ठेवलं होतं.

"तुमचं म्हणणं मला पटलं," तो म्हणाला. "गाडी चालवणारा माणूस बुटका होता. आणि आमच्याकडे सगळ्यात बुटकं कोण आहे, ते तुमच्यासमोरच उभं आहे."

सेल्सवालीने माझ्याकडे पाहिलं. ती म्हणाली, गाडी सोडताना सीट तिच्या रुळावरच्या पांढऱ्या पट्टीवर आणून ठेवायची हे तिला ट्रेनिंगमध्ये शिकवलंय आणि ती रोज तसंच करते. मॅनेजर म्हणाला, म्हणजे काल मुद्दाम केलं नाही.

मी आले होते तिला सोडवायला, आणि दोर मीच वळून दिला होता. भिंतीवर दीड वाजला होता.

४

दादाकडे जायला बस पकडली. मला भाच्याच्या गाडीत बसायचं नव्हतं, विचार करायचा होता. बसमध्ये मला विचार चांगले सुचतात. आजूबाजूला शंभर खोटी कारणं घामाघूम उभी असतात.

भाच्याने दादा-वहिनीला यातलं काहीच कळवलं नव्हतं. "त्यांना उगाच टेन्शन कशाला," म्हणाला. गाडी त्यांची, पैसे त्यांचे, आणि टेन्शन मात्र द्यायचं नाही. अशी काळजी घेणारी मुलं पाहिली की मला धडकी भरते.

अर्ध्या वाटेवर बस डेपोत थांबली. ड्रायव्हरची पाळी बदलायची होती. मी अगदी पुढच्या बाकावर होते. उतरणाऱ्या ड्रायव्हरने डबा उचलला, पाण्याची बाटली उचलली. मग वाकून दांडा ओढला आणि पार्श्वभागाने सीट धाडकन मागे ढकलली, शेवटच्या खाचेपर्यंत. आणि उतरता उतरता हात वर करून आरसा छताकडे वळवला.

मी जागची उठले.

नवा ड्रायव्हर चढला. जाडगेला होता, पण सीट मागे असल्यामुळे सहज शिरला. मग सीट पुढे घेतली, आरसा स्वतःकडे वळवला, आणि बस काढली.

तीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोर हे रोज घडत होतं आणि मी मागे तिकिटं मोजत होते. ही आमच्याच डेपोची पद्धत. फार वर्षांपूर्वी एका ड्रायव्हरने दुसऱ्याच्या नजरेला लावलेला आरसा तसाच ठेवून बस मागे घेतली आणि एका फेरीवाल्याला चिरडलं. तेव्हापासून ठरलं की गाडी सोडताना आरसा बिघडवून सोडायचा, म्हणजे पुढच्याला तो लावून घेतल्याशिवाय गाडी काढताच येणार नाही. नोकरी संपली तरी ड्रायव्हरांच्या हाताची ही सवय जात नाही.

आणि त्या पाच माणसांत आमच्या डेपोचा ड्रायव्हर एकच होता.

ज्याची मान दोन बोटंसुद्धा वळत नाही, ज्याला डॉक्टरांनी हात जोडून सांगितलंय की आता चालवू नका, तो माझा दादा काल भर दुपारी अनोळखी गाडी घेऊन रस्त्यावर गेला होता?

५

दार वहिनीने उघडलं. टेलिफोन खुर्चीवर ओढून घेऊन ती जवळच बसलेली दिसत होती. मला बघून तिचा चेहरा आधी उजळला, मग थोडा पडला, जणू दुसऱ्याच कुणाची वाट बघत होती. "बस, चहा टाकते," म्हणून आत गेली.

दादा खिडकीपाशी, कमरेमागे दोन उशा घेऊन बसला होता. मी आडवळण घेतलं नाही.

"काल दुपारी कुठे होतास?"

"तुझ्या वहिनीबरोबर फिरायला गेलो होतो."

"गाडी चालवलीस?"

"नाही," दादा म्हणाला, आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिला.

लहानपणी हा माणूस माझी पेन्सिल चोरायचा आणि नाही म्हणताना छताकडे बघायचा. आज तो छताकडे बघत नव्हता. खरं बोलत होता. मग माझा हिशोब कुठे चुकला?

मी पुन्हा सीट डोळ्यांसमोर आणली. मागे, आणि वर. दादा साडेपाच फुटांच्या पुढचा. तेवढ्या उंच सीटवर त्याचं डोकं छताला लागलं असतं. आणि हो, बसच्या सीटला फक्त पुढे-मागे व्हायचा दांडा. वर-खाली करायचा दांडा त्या फळीला कुठून असणार? म्हणजे डेपोच्या सवयीने सीट मागे गेली आणि आरसा वर गेला, पण उंचीबद्दल डेपो काहीच शिकवत नाही. ती जशी होती तशीच राहिली. उंची खऱ्या चालवणाऱ्याची होती.

चालवणारं माणूस बुटकं होतं. आणि त्याला गाडी सोडायला दादाने शिकवलं होतं.

स्वयंपाकघरातून स्टूल ओढल्याचा आवाज आला. वहिनी स्टुलावर चढून वरच्या फळीवरून साखरेचा डबा काढत होती. एरवी मी हे हजार वेळा पाहिलंय. वहिनीचा हात दुसऱ्या फळीपर्यंतच पोहोचतो.

दाराशी तिचे कॅनव्हासचे बूट होते. वर्षापूर्वीपर्यंत ती चपलेतच फिरायला जायची. मी एकेक उचलून पाहिला. डावा नव्यासारखा. उजव्याची टाच मागच्या कडेला घासून काळी पडलेली. चालून दोन्ही बूट झिजतात. टाच जमिनीला टेकवून पंजा ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर फिरवला तर एकच झिजतो.

चहा आला. मी कप घेतला आणि म्हटलं, "वहिनी, लायसन्स कधी मिळालं?"

दादा एकदम हसायला लागला, कंबर धरून.

"महिना झाला," वहिनी म्हणाली. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "हिरवा मी म्हणाले होते."

तिने सगळं सांगितलं. गेलं वर्षभर दोघं सकाळी फिरायला म्हणून जुनी गाडी काढत आणि बंद पडलेल्या गोदामांमागच्या मैदानात जात; सुरुवातीला डेपोतला एक जुना सोबती गाडी तिथवर नेऊन द्यायचा. दादाची मान वळत नाही, पण तोंड चालतं. तो शिकवायचा. ती चौसष्टाव्या वर्षी पहिल्या प्रयत्नात पास झाली. शनिवारी शोरूममध्ये सांगणार होती. पण तिथे तिला फक्त रंग विचारला, आणि रंग सांगितला तर हसले. मग ती गप्प झाली. दादाही गप्प राहिला, कारण हे सांगायचा मान तिचा होता.

रविवारी दोघं परत गेले. दादा त्या कलत्या मागच्या सीटवर बसला आणि पाच मिनिटांत वैतागला. पस्तीस वर्षं ज्याने समोरची काच पाहिली, त्याला पुढच्या माणसाचं डोकं बघत बसवायचं म्हणजे शिक्षाच. पुढे तिच्या शेजारी येऊन बसला, आणि कमरेला आधार लावल्यावर म्हणाला की वर्षात पहिल्यांदा दुखलं नाही. तिला सीट उंच केल्यावर पहिल्यांदा बॉनेटचं टोक दिसलं. म्हणून समोरच्या दोन्ही सीटा.

"पण सही का नाही केलीस?"

"ऑर्डर त्याच्या नावावर, माझी सही कशी चालेल? मला वाटलं, शोरूमवाले त्याला फोन करतील. तो घरी फोन करेल, विचारेल, आई हे काय? मग मी सांगेन." तिने फोनकडे पाहिलं. "कालपासून बसलेय. कुणी विचारलंच नाही."

मी चहा खाली ठेवला. माझ्या अंगातला सगळा ताव उतरला. भाच्याला काय बोलू? मी स्वतः दादापाशी थांबले होते. पाचांतले तीन वजा केले, उरलेल्या दोघांत मला एकच माणूस दिसला होता.

मग मी तिला सेल्सवालीचं सांगितलं. तीन महिने, पेपरवेटखालचा कागद, पाच वाजताची वेळ. वहिनीने सगळं ऐकलं. उठली, दाराशी जाऊन बूट चढवले आणि खिळ्यावरची किल्ली काढली.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि शोरूम शहराच्या दुसऱ्या टोकाला होती.

६

मी मागे बसले आणि दार घट्ट धरलं. धरायची काही गरज नव्हती. वहिनी गाडी अशी चालवते जशी ती सुई ओवते, न घाबरता, न चुकता. दादा शेजारून फक्त एकदा म्हणाला, "सिग्नल पिवळा," आणि ती म्हणाली, "दिसला."

पावणेपाचला गाडी शोरूमच्या काचेसमोर लागली. आत भाचा आणि टॉवर उभे होते. आईला ड्रायव्हरच्या दारातून उतरताना बघून भाच्याच्या हातातला फोन खाली पडला. वहिनीने उतरण्याआधी काय केलं ते मी काचेपलीकडच्या मॅनेजरला गाडीतूनच बोटाने दाखवलं. सीट मागे ढकलली. हात वर करून आरसा छताकडे वळवला.

आत येऊन मी थोडक्यात सांगितलं. चालवणाऱ्याची उंची सीट सांगते, चालवणाऱ्याचा गुरू आरसा सांगतो. तुमच्या सेल्सवालीची उंची जुळते, पण आमच्या डेपोची सवय तिला कुठून लागणार? तिला पांढरी पट्टी शिकवलीत, ती पट्टीवरच सीट आणते. आणि सही नसताना फोन झाला नाही तो तिच्या नव्हे, तुमच्या नियमामुळे. तुम्हाला रविवारी ग्राहकाशी बोलायचं नसतं, आणि सोमवारी गरिबाची नोकरी खायला मात्र वेळ असतो.

मॅनेजरने तिसऱ्यांदा टायला हात घातला. वहिनीने त्याला बोलू दिलं नाही.

"स्लिप मी भरली," ती म्हणाली. "या बाईंचा काही दोष नाही. कुठे सही करायची ते दाखवा."

ते वाक्य तिने एवढ्या साधेपणाने म्हटलं की भाच्यानेच पेन पुढे केलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते लपवायला तो खाली वाकून फोन शोधत होता. "आई, मला सांगायचं नाहीस?" म्हणाला. वहिनी म्हणाली, "शेवाळात कोण बसतं, म्हणून नाही सांगितलं." टॉवर एवढ्या मोठ्याने हसला की शेजारच्या टेबलावरचे सगळे वळून बघायला लागले.

सेल्सवालीने जुनी ऑर्डर रद्द केली आणि नवी काढली, वहिनीच्या नावावर. टाइप करताना ती सारखी घड्याळाकडे बघत होती. तरी अगदी शेवटी तिने एक गोष्ट सुचवली: मागच्या खिडक्यांचे पडदे पॅकेजशिवाय सुटेही मिळतात, नातीसाठी घेऊ या का? कुणालाच हे माहीत नव्हतं, मॅनेजरलाही नाही. पाचला तीन मिनिटं कमी असताना ऑर्डर कारखान्याकडे गेली.

मग मी मॅनेजरच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले, जशी बिनतिकीट माणसापाशी उभी राहायचे. त्याने पेपरवेट उचलला आणि कागदावर सही केली.

गाडी दोन महिन्यांनी आली. गडद हिरवी. किल्ली द्यायला सेल्सवाली स्वतः आली होती, छातीवर नावाची पट्टी लावून. वहिनीने पहिल्याच दिवशी सगळ्यांना कोंबून गोदामांमागच्या मैदानात नेलं. दादा पुढे, कमरेला आधार, डोळे काचेवर, राजा दिसत होता. मागे मी, वहिनीची सून आणि टॉवर. टॉवरचे गुडघे कानांना लागले होते, पण तो तक्रार करेना. भाचा जुन्या गाडीतून मागून आला. नव्या गाडीत जागा नाही, असं त्याला त्याच्या आईने सांगितलं होतं.

मैदानाच्या मधोमध वहिनीने गाडी थांबवली. सीट धाडकन मागे ढकलली, आरसा छताकडे वळवला आणि खाली उतरली. मग मागचं दार उघडून सुनेपुढे किल्ली धरली.

सून आधी भाच्याकडे बघणार होती. मान अर्धी वळलीही. मग ती थांबली, किल्ली घेतली आणि जाऊन पुढे बसली.

"आई, हा आरसा असा वर का केलाय?"

"पुढच्याने आपला आपण लावून घ्यायचा असतो," वहिनी म्हणाली.

सुनेने सीट पुढे ओढली, मग हात वर केला, आणि आरसा स्वतःकडे वळवला.